मास्तरांच्या लेकीचं दार

वासुदेव तेरदाळकराला पुस्तकांचं वावडं होतं असं कुणी म्हणू नये. पुस्तक उघडलं की त्याला झोप यायची, एवढंच. विमानांचं वेळापत्रक मात्र तो मिटक्या मारत वाचायचा. देरा दुबईतल्या एका ट्रॅव्हल एजन्सीच्या काउंटरवर बसून त्याने वर्षानुवर्षं जगभरची तिकिटं काढून दिली, आणि स्वतः गेला कुठे म्हणाल तर दर दोन वर्षांनी मिरजेला आणि मिरजेहून परत. पण चौकसपणा असा दांडगा, की कुणी पॅसेंजर फिरून आला आणि सहज काउंटरशी टेकला, की हा त्याला खुर्ची देणार, चहा मागवणार आणि विचारणार, विमानतळाबाहेर पडल्यावर पहिलं काय दिसलं? कुणी म्हणे बर्फ, कुणी म्हणे टॅक्सीची रांग. एक पेशावरचा पठाण म्हणाला, माझा भाऊ. वासुदेवला सगळी उत्तरं चालायची. घरी येऊन तो ती जेवताना बायकोला सांगायचा, जणू स्वतःच जाऊन आलाय.

बायकोचं नाव हेमा. कोल्हापुरात इंग्रजी घेऊन एम. ए. झालेली, आणि चौऱ्याऐंशी सालापासून ऊद मेथातल्या एका भारतीय शाळेत वरच्या वर्गांना इंग्रजी शिकवणारी. अकरावीला तेव्हा एक कादंबरी होती. दीडशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रज बाईने लिहिलेली. नाव मी सांगणार नाही. सांगितलं की लगेच चार लोक म्हणणार, वाचलीय हो, आणि वाचलेली नसणार. गोष्ट थोडक्यात अशी, की डोंगराच्या पायथ्याशी एक खेडं, तिथे शाळामास्तरांचं दगडी घर, घरात मास्तरांची लेक. रस्त्याची मोजणी करायला एक तरुण गावात येतो, मास्तरांकडे उतरतो, आणि व्हायचं ते होतं. मग एका सकाळी काही न बोलता तो निघतो. स्वयंपाकघराच्या दारातून ती त्याला डोंगराची पायवाट चढताना बघत राहते, आणि लेखिका लिहिते, की त्याच्या चालीवरूनच तिला कळलं, हा आता परत यायचा नाही.

झालं. या एका वाक्यावर दर वर्षी वर्गात भांडण. आता ही पोरं कुठली? दुबईच्या करामा आणि सत्व्यातल्या फ्लॅटमध्ये वाढलेली. डोंगर त्यांनी पाहिलेला तो गाडीच्या काचेतून, सुट्टीच्या दिवशी. एक चष्मेवाला मुलगा उभा राहून म्हणाला, "मॅम, डोंगरावरचा माणूस एवढासा दिसतो. त्याची चाल कशी ओळखणार? द रायटर इज चीटिंग." मुली म्हणाल्या, ओळखता येते. मुलगे म्हणाले, शक्यच नाही. आणि सगळ्यांनी मिळून विचारलं, मॅम, तुम्हाला काय वाटतं? हेमाने तेव्हा काहीतरी सांगून वेळ मारून नेली, कारण मॅमनाही माहीत नव्हतं. ती तेरा वर्षं शिकवत होती ते घर, ते दार, ती वाट, आणि पाहिलं त्यातलं काहीच नव्हतं.

आपल्याला न पाहिलेली गोष्ट शिकवायची सवय असते, आपण त्याचं काही वाटून घेत नाही. हेमाला वाटायचं. दाराला लागूनच चढ आहे की मध्ये शेत आहे? वाट सरळ जाते की झाडांमागे वळते? ती जेवताना हे बोलायची, आणि पुस्तकाला ओ की ठो न कळणारा वासुदेव कान देऊन ऐकायचा. रस्त्याचा, अंतराचा, कुठून काय दिसतं याचा प्रश्न म्हणजे त्याचाच प्रांत. त्यात सत्त्याण्णवच्या सुरुवातीला बातमी आली, की पुढच्या वर्षीपासून ही कादंबरी अभ्यासक्रमातून जाणार. म्हणजे जूनअखेर सुट्टी लागणार, सप्टेंबरात कादंबरी शिकवायला घ्यायची, आणि ती तुकडी शेवटची. हेमा त्या रात्री जेवली कमी आणि बोलली त्याहून कमी. वासुदेव म्हणाला, मग जाऊन बघून ये ना. ती हसली. तो हसला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने मालकापुढे विषय काढला. तय्यबभाई मूळचे दापोलीकडचे, मराठी आपल्यापेक्षा फाकडू बोलणार. ते म्हणाले, "वासू, लंडनला माणूस जातो तो शॉपिंगला. मेलेल्या बाईचं घर बघायला कोण जाईल? डोकं ठिकाणावर आहे ना?" पण वासुदेवने माहिती काढली होती. इंग्लंडात म्हणे अशी एक सोडून शंभर खेडी. कुठल्या लेखकाचा जन्म, कुठल्या कवीचं झाड, आणि तिथे जपानहून, अमेरिकेहून बसगाड्या भरभरून लोक येतात. घर बघतात, बाग बघतात, लेखिकेचा चमचासुद्धा काचेत ठेवलेला असतो तो बघतात, मग केक खातात आणि रडतात. वासुदेवला यातलं रडणं काही केल्या समजेना. चमच्याला बघून रडायचं? पण समजत नाही म्हणून तर तो त्याच्या मागेच लागला.

हेमाने शिक्षकांच्या खोलीत नुसतं बोलून दाखवलं आणि अकरा बाया तयार. सगळ्या शिक्षिका, कुणी इंग्रजीच्या, कुणी गणिताच्या. हैदराबादच्या बदरुन्निसा तर भूगोलाच्या, कादंबरीशी संबंध शून्य, पण म्हणाल्या, मी नकाशात आयुष्यभर बोट फिरवलं, एकदा पाय फिरवते. हेमा धरून बारा. वासुदेव स्वतः जाऊ शकत नव्हता. जुलै-ऑगस्ट म्हणजे गल्फमधलं सगळं जग सुट्टीला निघतं, तेव्हा तिकीटवाल्याने खुर्ची सोडली तर मालक त्याला पुन्हा खुर्चीत बसू द्यायचा नाही.

मग त्याने प्रोग्रॅम आखायला घेतला, आणि काय सांगू, मुलीचं लग्न ठरल्यासारखा माणूस कामाला लागला. व्हिसा, हॉटेल, बस, कुणाला शाकाहारी, कुणाला हलाल. रोज एक खेडं, एक घर. आणि मास्तरांच्या लेकीचं गाव त्याने ठेवलं सगळ्यात शेवटी, रविवारी. गोड शेवटी, म्हणून. सोमवारी सकाळी परतीचं विमान.

लेखिका स्वतः ज्या घरात राहिली त्यावरूनच तिने मास्तरांचं घर लिहिलेलं, आणि ते अजून उभं होतं, गावच्या चर्चची मंडळी ते सांभाळायची. त्यांना वासुदेवने फॅक्स केला. तो मोठा काळजीवाला माणूस, म्हणून फॅक्समध्ये मुद्दाम विचारलं, शुक्रवारी आपल्याकडे बंद असेल ना? उलट उत्तर आलं, छे छे, शुक्रवारी आम्ही नेहमीप्रमाणे उघडे आहोत. वासुदेवने तो कागद ऑफिसभर नाचवला. बघा, म्हणाला, याला म्हणतात साहेब! शुक्रवारीसुद्धा सुट्टी घेत नाहीत, आठवडाभर उघडं! तय्यबभाईंनीही मान डोलावली. तरी आपल्या बायांना शुक्रवारी लवकर उठायची सवय नाही, या विचाराने त्याने तो दिवस प्रोग्रॅममध्ये आरामाचा ठेवला.

हसू नका. इथे इतकी वर्षं ज्याने शुक्रवारी डोक्याला तेल लावलं आणि रविवारी टाय लावून काउंटर उघडलं, त्याच्या अंगातच तो आठवडा मुरतो. शुक्रवार सुट्टीचा, शनिवारी कामाला लागायचं, रविवार म्हणजे चारचौघांसारखा एक दिवस. बरं, त्याचं एकट्याचं सोडा. तो प्रोग्रॅम बारा शिकलेल्या बायांनी वाचला, त्यांच्या नवऱ्यांनी वाचला, शाळेच्या मुख्याध्यापकांनी वाचून छान म्हटलं. मिरजेत, हैदराबादेत, कोचीत ज्यांचं बालपण रविवारच्या सुट्टीत गेलं, त्या एकाही माणसाच्या डोक्यात आलं नाही, की साहेबाची सुट्टी रविवारची.

विमानतळावर सोडायला गेला तेव्हा हेमा नवा कोट हातावर घेऊन उभी होती. दुबईच्या जुलैत कोट! वासुदेवने तिला सांगितलं, दाराशी उभी राहा आणि सगळं नीट बघून ये, मला येता येत नाहीये पण मला कळलं पाहिजे. ती म्हणाली, पहिल्यांदा तुम्हालाच सांगीन.

आठवडा झकास गेला. अधूनमधून फोन यायचा. बदरुन्निसांनी मागून ओरडून सांगितलं, की दीड पाउंडाला चहा, म्हणजे नऊ दिरहॅम, म्हणजे नव्वद रुपये, और उसमें अद्रक भी नहीं. वासुदेव खूश होता. चमचा बघून कुणी रडलं का, हे त्याने दोनदा विचारलं. गणिताच्या बाई रडल्या होत्या म्हणे.

रविवारी दुपारी तो सवयीप्रमाणे जेवायला घरी आला. दुबईत तेव्हा दुकानं आणि ऑफिसं दुपारी बंद व्हायची, चारला पुन्हा उघडायची. मुलगी केया दहावीत, क्लासमुळे घरीच होती. दोघं आमटीभात खात होती आणि फोन वाजला. हेमा गावच्या टेलिफोनच्या खोक्यातून बोलत होती. आवाज शांत. फारच शांत. ती म्हणाली, घर बंद आहे.

त्याला वाटलं, उघडायचं असेल अजून. नाही, म्हणाली, आज उघडणारच नाही, फाटकालाच कुलूप आहे. तो चिडला. फॅक्स माझ्याकडे आहे, म्हणाला, ती माणसं शुक्रवारीसुद्धा उघडतात, आज काय झालं, कोण गेलं का त्यांच्यातलं? समोर बसलेल्या केयाने घास खाली ठेवला आणि त्याच्याकडे बघून म्हणाली, "पपा, इट्स संडे. संडेला चर्च असतं. एव्हरीबडी नोज दॅट."

 एव्हरीबडी म्हणजे त्याच्याखेरीज सगळे. पलीकडे नाणी संपत आली होती. हेमा एवढंच म्हणाली, की तुमच्यावर रागावून फोन केला नाही, काही होतंय का ते बघा. आणि फोन तुटला.

तो उन्हात तसाच ऑफिसला गेला. शटर अर्धं वर करून आत शिरला आणि एसी लावायचंही भान न राहता फोन फिरवत बसला. घराचा नंबर लावला, रिकाम्या घरात घंटी वाजत राहिली. मग म्हणाला, सोमवारी उघडणार ना, तर विमानच पुढे ढकलू. कॉम्प्युटर लावला. सीझनची गर्दी, बारा जागा कुठून मिळणार? मंगळवार फुल, बुधवार फुल, आठवडाच्या आठवडा फुल. सगळ्या जगाला जागा मिळवून देणारा माणूस, आणि बायकोच्या वेळी हात रिकामे! तय्यबभाई चारला आले, त्यांनीही चार ठिकाणी शब्द टाकला. संध्याकाळी एक जागा मिळाली. एकच, मंगळवारची. वासुदेवने ती पकडली आणि हॉटेलला फोन लावला. हेमाला म्हणाला, तू थांब, उद्या जाऊन घर बघ, बाकीच्या येऊ देत पुढे.

 पलीकडून ती म्हणाली, "अकरा जणी आज माझ्यासोबत कुलपाला हात लावून आल्या. त्यांना काय सांगू, माझा नवरा तिकीटवाला आहे म्हणून? खलास. राहू दे आता."

त्याने खूप मनधरणी केली. पण हेमाने एकदा राहू दे म्हटलं की ते राहिलंच. वासुदेवला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं. तेरा वर्षं तिला त्या दाराशी जायचं होतं, त्याने तिला अगदी फाटकापर्यंत नेऊन पोचवलं, आणि कुलूप लावलं तेही त्यानेच.

सोमवारी रात्री विमान उतरलं. बदरुन्निसा दारातूनच सुरू झाल्या. भाईसाब, म्हणाल्या, आम्ही मस्त मजा केली, चर्च सुटल्यावर गावातल्या म्हाताऱ्यांनी आम्हाला बाकावर बसवलं, आम्ही त्यांना चिवडा दिला, त्यांना ठसका लागला. पण तुमची बेगम दोन तास गायब. आम्ही शोधतोय तर मॅडम डोंगरावरून खाली येतायत, साडीला चिखल, चपला हातात. वासुदेवने हेमाकडे पाहिलं. ती म्हणाली, चढ बरा होता. गाडीत बसल्यावर काय विचारावं ते सुचेना, म्हणून त्याने सवयीने तेच विचारलं, की त्या गावात उतरल्यावर पहिलं काय दिसलं.

"कुलूप," हेमा म्हणाली.

ती टोचून बोलली नव्हती, विचारलं त्याचं उत्तर दिलं होतं. वासुदेवला ते फारच लागलं. त्यानंतर कित्येक दिवस तो परतलेल्या पॅसेंजरना चहा पाजायचा, पण विचारायचा काही नाही. ऑफिसात त्याची टिंगल व्हायची ती वेगळीच. तय्यबभाई कुठलाही प्रोग्रॅम सही करण्याआधी मोठ्याने विचारायचे, वासू, रविवारचं काय? पोरं खिदळायची. वासुदेवही हसायचा, पण घरी आला की चेहरा उतरलेला. हेमा काही बोलत नव्हती. नवरा-बायकोच्या संसारात भांडण परवडतं, हे असलं समजूतदार गप्प राहणं परवडत नाही. तिने चार शब्द सुनावले असते तर तो सुटला असता. पण ती रोज डबा द्यायची, शाळेत जायची, वह्या तपासायची, आणि डोंगरावर ती दोन तास काय करत होती हे तो विचारूही धजत नव्हता.

सप्टेंबरात शाळा उघडली, शेवटची तुकडी समोर बसली. कादंबरी सुरू झाली. वासुदेवला कुठला धडा चाललाय हे विचारायचीही चोरी. डिसेंबर उजाडला, हवा सुखाची झाली, आणि एका गुरुवारी रात्री भांडी आवरताना हेमा म्हणाली, उद्या आपण खोर फक्कानला जाऊ. केया मैत्रिणीकडे राहील. तो म्हणाला, मासे आणायला का? ती म्हणाली, नाही, काम आहे.

शुक्रवारी सकाळी दोघं निघाली. वाळवंट संपलं, मसाफीपाशी डोंगर आले, उघडे, भाजलेल्या वांग्यासारखे. पलीकडे उतरून समुद्र आला, बंदराच्या क्रेन दिसल्या. वासुदेव गाडी बंदराकडे वळवायला लागला तर हेमा म्हणाली, इकडे नाही, गावामागे. गावामागे डोंगरात एक कोरडी नदी होती, आणि तिच्या काठाला लोकांनी कधीच सोडून दिलेली चार-सहा दगडी घरं. शाळेच्या सहलीला आली होती तेव्हा हेमाने ती पाहून ठेवली होती. छप्परं गेलेली, भिंती उभ्या. एका घराची चौकट शाबूत होती आणि समोरून शेळ्यांची पायवाट डोंगरावर चढत होती.

तिथे तिने त्याला पहिल्यांदा सांगितलं. त्या रविवारी फाटकाला कुलूप होतं, पण डोंगराला कुणी कुलूप लावलं नव्हतं. म्हणून ती ती वाट चढून गेली, तो तरुण गेला तीच. आणि अर्ध्यावर जाऊन मागे वळून पाहिलं तर मास्तरांचं घर, मागचं अंगण, स्वयंपाकघराचं दार, सगळं तळहातावर असल्यासारखं दिसत होतं. मध्ये झाड नाही, काही नाही. ती वाट आणि ते दार एकमेकांसमोर होती. "पण दारात कुणी नव्हतं," हेमा म्हणाली. "दारात उभं राहिलेल्याला काय दिसतं ते मला वरून कसं कळणार? त्याला दोन माणसं लागतात. उद्या मला वर्गात तोच धडा घ्यायचाय. शेवटचा."

वासुदेवने चौकटीकडे पाहिलं, वाटेकडे पाहिलं. इतके महिने छातीवर बसलेलं काहीतरी जरा हललं. काम होतं, आणि ते त्याच्याजोगं होतं. तिने सगळं समजावून सांगितलं, शाळेत प्रयोग सांगतात तसं. तुम्ही उंबऱ्यावर उभे राहायचं. मी चढत जाणार. माझी चाल कुठपर्यंत ओळखू येते ते बघायचं. जागचं हलायचं नाही आणि काही बोलायचं नाही.

ती निघाली. वासुदेव कमरेवर हात ठेवून उभा राहिला. सुरुवातीला त्याला मजाच वाटली. हेमाचा डावा पाय किंचित बाहेर पडायचा, लहानपणापासूनचा. तो खालून स्वच्छ दिसत होता. पदर तिने खोचला होता. पहिल्या वळणावर साडीची नक्षी तर कधीच दिसेनाशी झाली होती, पण ती तीच होती, हजारात ओळखू येणारी. त्याने मनाशी म्हटलं, चष्मेवाल्या पोराला सांगायला हवं, बाबा रे, दिसतं. दुसऱ्या वळणावर ती बोटाएवढी झाली. तरी पाय बाहेर पडत होता. काम झालं होतं खरं तर. आता ती वळेल, हात करेल, मग तो हात करेल.

ती वळली नाही.

वासुदेव बघत राहिला. सोळा वर्षांच्या संसारात हेमा कधी पुढे गेली आणि मागे वळली नाही असं झालं नव्हतं. मीना बाजारात, देवळाच्या गर्दीत, विमानतळावर, दहा पावलं गेली की ती वळून बघणार, हा येतोय ना. आता ती चढत होती ती खाली न बघता, न थांबता, एका लयीत, जसं माणूस निघून जाताना चालतं. आणि त्याला एकदम भीती वाटली. वेडेपणा होता नुसता. गाडीची किल्ली त्याच्या खिशात होती, डबा गाडीत होता, ती जाऊन जाणार कुठे? हे सगळं त्याला कळत होतं. तरी भीती जाईना. जुलैपासून ती काही बोलली नाही, ते काय होतं? आपण कुलूप लावलं, ती शांत राहिली, आणि शांतपणे ही अशी चाललीय. ती करंगळीच्या पेरापेक्षा लहान झाली, वरच्या खडकापाशी पोचली. अजून चार पावलं आणि ती दिसेनाशी होणार.

"हेमा!"

तो इतक्या जोरात ओरडला की डोंगरांनी ते नाव दोनदा परत दिलं आणि भिंतीवरची शेळी उडी मारून पळाली. वर तो ठिपका थांबला. वळला. बराच वेळ तसाच उभा राहिला आणि मग खाली येऊ लागला. वासुदेव उंबरा सोडून वाटेपर्यंत गेला होता, ते त्याला नंतर कळलं.

ती आली तेव्हा धापा टाकत होती. रागावलेली नव्हती, पण शिक्षिकाच होती ती. बोलायचं नाही असं ठरलं होतं ना, म्हणाली.

तो म्हणाला, चाल दिसत होती, अगदी वरच्या खडकापर्यंत दिसत होती, तुझ्या लेखिकेने काही खोटं लिहिलेलं नाही. हे तो भराभरा बोलून गेला. मग खाली बघत म्हणाला, की तू परत यायची नाहीस असं वाटलं मला.

हेमाने त्याच्याकडे पाहिलं. हा माणूस काय बोलला ते तिला नीट कळलं, आणि जुलैपासून तो काय घेऊन वावरत होता तेही कळलं. ती घराच्या उंबऱ्यावर बसली. मुद्दामच वळले नाही, तिने सांगितलं, पुस्तकात तो वळत नाही म्हणून.

"आणि ती पुस्तकातली हाक मारत नाही," ती म्हणाली. "नुसती उभी राहते."

"का?"

हेमा उत्तर द्यायला गेली. मान, अभिमान, तो काळ, बाईमाणसाची रीत, तेरा वर्षं मुलांकडून लिहून घेतलेली सगळी उत्तरं तिच्यापाशी तयार होती. त्यातलं एकही तिला या माणसाला देववेना.

वासुदेव तिच्या शेजारी उंबऱ्यावर टेकला. 

"हाक मारून बघायची होती तिने," तो म्हणाला. "तू थांबलीस की नाही?"